वणव्याचा नकाशा आणि सहलीचा दिवस

जानेवारी उजाडला की शाळांतून सहलींची बोलणी सुरू होतात. वार्षिक परीक्षा अजून लांब असते, थंडी सरत आलेली असते, वाटांवर चिखल नसतो. वसईच्या शाळांना डोंगर शोधत फार लांब जावे लागत नाही. अहमदाबादचा महामार्ग ओलांडला की तुंगारेश्वराची रांग समोर उभी असते. दक्षिणेला कामणदुर्ग आहे आणि त्याच्या पायथ्याशी जायला वसई-दिवा मार्गावरचे कामण रोड हे स्थानक आहे. सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखी ही ठिकाणे. त्यामुळे आठवी-नववीची चाळीस मुले आणि तीन-चार शिक्षक असा बेत सहज ठरतो.

अशाच एका बेताचा कागद घेऊन ओळखीच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. बेत मार्चच्या पहिल्या आठवड्यातला होता. कागदावर धोक्यांचा तक्ता होता. प्रत्येक धोक्यापुढे दोन रकाने होते, 'शक्यता' आणि 'परिणाम'. दोन्हींना एक ते पाच असे गुण द्यायचे, त्यांचा गुणाकार करायचा आणि मोठ्या गुणाकाराच्या धोक्याकडे आधी लक्ष द्यायचे, अशी रीत. पाय मुरगळण्याला शक्यता ४, परिणाम २, म्हणून ८ गुण होते. उन्हाच्या त्रासालाही ८. वणव्याला शक्यता १, परिणाम ५, म्हणून ५. अर्थातच वणवा यादीच्या तळाशी गेला होता आणि त्याच्यापुढील 'उपाय' हा रकाना कोरा होता.

"सर, हा एक आकडा मी अंदाजाने टाकलाय," बाई म्हणाल्या. "कोणी म्हणालं, वणव्याचे सरकारी नकाशे असतात, त्यावरून टाका. ते कसे वाचायचे तेवढं सांगा."

प्रश्न सरळ होता. पण उत्तर शोधताना लक्षात आले की तक्ता आणि नकाशा या दोन्ही गोष्टी आपापल्या जागी उपयोगाच्या असल्या, तरी सहलीचा दिवस ठरवण्याच्या कामी त्या अपुऱ्या आहेत. नुसत्या अपुऱ्याच नव्हेत, तर खोटा दिलासा देणाऱ्या आहेत. त्या कशा, हे तपासण्यासाठी हा लेख.

गुणाकारातील गफलत

आधी तक्ता पाहू. त्यातील एक ते पाच हे आकडे मोजमापाचे नसून क्रमाचे आहेत. वर्गातील पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक यांच्यासारखे. पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकांचा गुणाकार करून आपण काही निष्कर्ष काढत नाही, पण येथे मात्र तोच उद्योग चालतो. परिणाम २ म्हणजे मुरगळलेला पाय आणि परिणाम ५ म्हणजे मृत्यू. यांतील अंतर अडीचपट आहे असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. तरीही गुणाकार म्हणतो की मुरगळलेल्या पायाची काळजी आगीपेक्षा जास्त करा.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. चाळीस मुलांपैकी एकाचा पाय मुरगळला, म्हणून दुसऱ्याचा मुरगळत नाही. प्रत्येकाचा धोका वेगळा असतो. वणव्याचे तसे नाही. चाळीस मुले एकाच घळीत, एकाच रांगेत चालत असतात. आग आली तर ती सर्वांवर एकदम येते. सरासरी काढली तर दोन्ही धोके कदाचित सारखे दिसतील. परंतु एक धोका दरवर्षी थोडा थोडा वसूल होतो आणि दुसरा पन्नास वर्षे गप्प बसून एका दुपारी सगळा वसूल होतो. सरासरी हा फरक लपवते.

तिसरी गोष्ट शक्यतेविषयी. 'वणव्याची शक्यता कमी' असे म्हणताना आपण ती कशाच्या संदर्भात म्हणतो? सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. सह्याद्रीत काही गवताळ उतार जवळजवळ दरवर्षी जळतात. समजा, असा एक उतार वर्षातून एकदा, एका दुपारी जळतो. वर्षातील कोणताही एक दिवस उचलला तर त्या दिवशी तो जळण्याची शक्यता ३६५ मध्ये १. पण पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या हिरव्या महिन्यांत तो जळूच शकत नाही. फेब्रुवारी ते मे या काळातील सुमारे १०० कोरडे दिवसच विचारात घेतले तर शक्यता १०० मध्ये १ होते. त्यांतही आग पसरण्याजोग्या तापलेल्या, वाऱ्याच्या दुपारी समजा २५ असतील, तर तशा दुपारी ती २५ मध्ये १ होते. उतार तोच, आग तीच. आपण प्रश्न अधिक नेमका विचारला एवढेच. आणि त्याच दिवशी सकाळी नऊ वाजता तो उतार ओलांडून गेलो, तर शक्यता पुन्हा अगदी खाली येते.

याचा अर्थ असा की 'शक्यता' ही त्या डोंगराला चिकटलेली संख्या नाही. आपण कोणता महिना, कोणता तास आणि कोणती वाट निवडतो यावर ती ठरते. तक्ता मात्र तिला एक रकाना देऊन मोकळा होतो.

चौकोनाच्या आत काय आहे?

आता नकाशाकडे वळू. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने वणव्यांची माहिती गोळा करते. सुरुवातीला 'मोडिस' या संवेदकाची मदत होती. त्याच्या चित्रातील एक ठिपका जमिनीवरील सुमारे १ किलोमीटर लांबी-रुंदीचा असतो. पुढे 'व्हीर्स' हा अधिक बारीक संवेदक आला. त्याचा ठिपका ३७५ मीटरचा आहे. अनेक वर्षांच्या अशा नोंदी एकत्र करून संस्थेने देशाचे ५ किलोमीटर × ५ किलोमीटर असे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनात दरवर्षी सरासरी किती आगी दिसल्या यावरून त्यांची प्रतवारी केली. देशाच्या वनाच्छादनापैकी ३६ टक्क्यांहून अधिक भाग वारंवार वणवे लागणारा आहे, हा २०१९ च्या अहवालातील आकडा याच कामातून आला.

हे काम मोठे आणि उपयुक्त आहे. कोणत्या विभागात किती माणसे नेमायची, जाळरेषा कोठे आधी साफ करायच्या, पैसा कोठे द्यायचा हे प्रश्न वनखात्यापुढे असतात. त्यांची उत्तरे या नकाशातून मिळतात. माझी टीका नकाशावर नाही. एका प्रश्नासाठी काढलेले उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवण्याच्या सवयीवर ती आहे.

आपल्याच डोंगराचे उदाहरण घ्या. तुंगारेश्वर अभयारण्य २००३ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र ८५.७० चौरस किलोमीटर आहे. नकाशातील एक चौकोन २५ चौरस किलोमीटरांचा. म्हणजे सगळे अभयारण्य साडेतीन चौकोनांएवढे झाले! त्यात ओढ्याकाठची दाट, सावलीची झाडी आली, साग-ऐनाचे पानगळीचे रान आले, वरचे उघडे गवताळ माथे आले, कातळ आले आणि पायथ्याची शेतेही आली. या सगळ्यांना मिळून एकच रंग. आपली मुले मात्र या चौकोनातील एका घळीतून, दहा फूट रुंदीच्या वाटेने जाणार असतात.

उपग्रहाला काय दिसते, हेही पाहिले पाहिजे. ३७५ मीटरचा ठिपका म्हणजे सुमारे १४ हेक्टर. त्याहून लहान आगही पुरेशी तापलेली असेल तर दिसते, कारण संवेदक उष्णता टिपतो. पण दाट पानांखालून सरपटणारी आग निसटू शकते. वेळेचा प्रश्न तर त्याहून मोठा. व्हीर्स ज्या उपग्रहांवर आहे ते आपल्या डोक्यावरून साधारणपणे दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. गवताची आग तीन वाजता लागून सहा वाजता विझली, तर तिची नोंद होण्याचा संभव फार कमी. म्हणजे जी आग झपाट्याने पेटते, झपाट्याने पसरते आणि झपाट्याने विझते, तीच नकाशातून गळण्याची शक्यता जास्त. आणि चालणाऱ्यांच्या दृष्टीने घातक आग नेमकी तीच असते.

म्हणून नकाशात आपला चौकोन लाल असेल तर ती सूचना जरूर मानावी. पण तो फिका असेल तर त्याचा अर्थ 'येथे धोका नाही' असा होत नाही. 'वरून पाहिले तेव्हा फारसे दिसले नाही' एवढाच होतो. पुरावा नसणे आणि नसल्याचा पुरावा असणे यांतील हा फरक आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतो. सहलीच्या कागदावर तो विसरतो.

त्रिकोण एक नाही, दोन आहेत

आपल्या पाठ्यपुस्तकांतून आगीचा त्रिकोण शिकवला जातो: इंधन, ऑक्सिजन आणि उष्णता. यांतील एक बाजू काढली की आग विझते. हे बरोबर आहे आणि घरातल्या, प्रयोगशाळेतल्या आगीला पुरेसे आहे. पण तो त्रिकोण आग का जळते हे सांगतो. ती कशी चालते हे सांगत नाही. डोंगरावर ऑक्सिजन काढून घेण्याचा प्रश्नच येत नाही. तेथे दुसरा त्रिकोण लागतो: इंधन, हवामान आणि जमिनीचा उतार.

इंधनापासून सुरुवात करू. सागाच्या रानातील पातेरा जळतो तेव्हा ज्वाला बहुधा गुडघ्याच्या आतबाहेर राहतात आणि आग सावकाश सरकते. ती रानाचे नुकसान करते, पण सावध माणूस तिच्यापासून बाजूला होऊ शकतो. कमरेएवढे वाळलेले उभे गवत ही वेगळी चीज आहे. गवताची काडी बारीक असल्यामुळे हवेतील आर्द्रता घटली की तासाभरात तीही कोरडी होते. सकाळी दव धरलेले गवत दुपारी काडेपेटीसारखे झालेले असते. सकाळी पाहून 'ओलसर आहे' असा दिलेला निर्वाळा दुपारी लागू पडत नाही.

उताराचा परिणाम सर्वांत कमी लक्षात घेतला जातो. सपाटीवर ज्वाला वर जातात; पुढचे गवत थोडेसेच तापते. चढावर ज्वाला पुढच्या गवतावर जवळजवळ टेकतात. प्रारण आणि तापलेली हवा या दोन्हींमुळे ते गवत आग पोहोचण्याआधीच पेटण्याच्या बेतात येते. ऑस्ट्रेलियातील वनअग्नितज्ज्ञ मॅकार्थर यांनी घालून दिलेला ढोबळ नियम असा: दर १० अंश चढाला आगीचा वेग दुप्पट होतो. सपाटीवर, फारसा वारा नसताना आग मिनिटाला ६ मीटर सरकत असेल, तर १० अंशांवर १२, २० अंशांवर २४ आणि ३० अंशांवर ४८ मीटर सरकेल. फार तीव्र उतारांवर नियम अचूक राहत नाही, पण चुकला तर आग त्याहून वेगवान असण्याकडे चुकतो.

आता मुलांचा वेग पाहा. सपाटीवर मुले तासाला ४ किलोमीटर चालतात, म्हणजे मिनिटाला ६७ मीटर. चढावर मात्र तासाला ४०० मीटर उंची गाठली तरी चांगली. ३० अंशांच्या उतारावर याचा अर्थ तासाला ८०० मीटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम १३ मीटर. उतार वाढतो तशी आग वेगवान होते आणि माणूस मंदावतो. सपाटीवर ६ विरुद्ध ६७ असा सामना असतो. ३० अंशांवर तो ४८ विरुद्ध १३ असा होतो.

समजा, मुले अशा उतारावर आहेत, माथा १५० मीटर वर आहे आणि आग २०० मीटर खाली दिसते. मुलांना माथा गाठायला ११ मिनिटे लागतील. आगीला ३५० मीटर यायला ७ मिनिटे पुरतील. 'अजून खूप खाली आहे, पटकन वर जाऊ' हा स्वाभाविक विचार येथे जीवघेणा ठरतो. हे गणित नववीच्या मुलालाही करता येते. पण आग दिसल्यावर ते करायला कोणालाही सुचत नाही.

वेगाबरोबर आगीची तीव्रताही वाढते. बायरम या शास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलेले सूत्र सोपे आहे: एक किलो इंधनातून मिळणारी उष्णता, एका चौरस मीटरवरील इंधन आणि आगीचा वेग यांचा गुणाकार करायचा. हा गुणाकार मात्र खऱ्या मोजमापांचा आहे. वाळल्या गवताचे १८,००० किलोज्यूल, चौरस मीटरला अर्धा किलो गवत आणि सपाटीवरचा सेकंदाला ०.१ मीटर वेग धरला तर आगीच्या आघाडीच्या प्रत्येक मीटरमागे ९०० किलोवॅट येतात. ज्वाला सुमारे पावणेदोन मीटर लांबीच्या. चढावरचा ०.८ मीटर वेग धरला तर ७,२०० किलोवॅट, आणि ज्वाला साडेचार मीटरच्या. एक किलोवॅटच्या सात हजार इस्त्र्या एका मीटरमध्ये तापवून समोर धरल्या आहेत अशी कल्पना करा. फांद्यांनी झोडपून किंवा कुदळ-फावड्यांनी हातघाईवर विझवता येणारी आग ही मीटरमागे साधारण ३५० किलोवॅटपर्यंतचीच असते. तेव्हा 'मुलांना घेऊन आग विझवू' हा धाडसी विचार मनात आणू नये.

आपल्या किनाऱ्याचा वारा

त्रिकोणाची तिसरी बाजू हवामान. येथे वसईची भूमिती ध्यानात घ्यायला हवी. समुद्र पश्चिमेला आणि डोंगर पूर्वेला. उन्हाळ्यात रात्री व सकाळी जमिनीवरून समुद्राकडे कोरडा वारा वाहतो. दुपारी जमीन तापली की खारा वारा उलट्या दिशेने आत येतो. तो थोडा दमट असतो हे खरे. पण तो तुंगारेश्वराच्या पश्चिम उतारांवर खालून वर चढतो. त्याच वेळी तापलेल्या उतारावरून वर जाणारी हवाही त्यात मिसळते. म्हणजे दुपारी वारा, चढ आणि ऊन यांची तोंडे एकाच दिशेला होतात.

याहून धोकादायक क्षण असतो तो वारा फिरण्याचा. सकाळच्या पूर्वेच्या वाऱ्यात उताराखाली रेंगाळणारी आग निरुपद्रवी वाटते. वारा फिरला की तिची जी बाजू सुस्त होती तीच आघाडी बनते. काही दिवशी पूर्वेचा वारा जोरदार असतो, खारा वारा उशिरा येतो आणि तापमान एकदम चढते. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझ येथे ४१.७ अंश तापमान नोंदले गेले होते, ते मार्चमध्येच. अशा दिवसाची पूर्वसूचना हवामान खाते आता देते. सहलीचा बेत मोडण्यास ती पुरेशी समजावी.

ठिणगी कोठून येते, हा प्रश्नही उरतोच. आपल्याकडील बहुतेक वणवे माणसांमुळे लागतात. पण 'गावकरी लावतात' असे म्हणून हात झटकणे बरोबर नाही. राब भाजताना पसरलेली आग, मोहाखाली जाळलेला पातेरा ही कारणे आहेत, तशीच विझवल्यासारखी वाटणारी चूल, विडीचे थोटूक आणि सहलीची शेकोटी हीसुद्धा आहेत. महाशिवरात्रीला तुंगारेश्वरी मोठी गर्दी लोटते आणि ती येते नेमकी रान वाळू लागण्याच्या दिवसांत. आपणही त्या गर्दीचाच भाग असतो.

दोन दुपारी

११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील तेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात, कोलुक्कुमलैहून उतरणाऱ्या दोन गटांना वणव्याने गाठले. त्यात बहुसंख्य तरुण नोकरदार होते, अनेक स्त्रिया होत्या. वाळलेल्या गवताचा उतार, दुपारची वेळ आणि बाजूला खोल घळी. काही जण घळीत कोसळले, काहींना आगीने गाठले. वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला.

नंतरची चर्चा मुख्यतः परवान्याभोवती फिरली. कोणाची परवानगी होती, कोणत्या वाटेची होती, कोणी तपासली. हे प्रश्न आवश्यकच होते. पण मला त्या चर्चेत एक उणीव जाणवली. परवाना असता तर गवत कमी पेटले असते काय? मार्चमधल्या दुपारी, गवताच्या उतारावर, एवढ्या मोठ्या गटाने असावे का, हा मूळ प्रश्न होता. परवाना हा त्यानंतरचा. तमिळनाडूने पुढे या मूळ प्रश्नाचे उत्तर दिले. २०२५ साली तेथील वनविभागाच्या गिरिभ्रमणाच्या वाटा १५ फेब्रुवारी ते १५ एप्रिल या वणव्याच्या काळात बंद ठेवण्यात आल्या. नियम म्हणून तो ढोबळ असेल, पण त्यात तारीख आहे; कोऱ्या रकान्यापेक्षा ते बरे.

दुसरी दुपार अमेरिकेतील माँटाना राज्यातली, ५ ऑगस्ट १९४९ ची. मॅन गल्च नावाच्या घळीत हवाई छत्रीने उतरलेले आग विझवणारे जवान खाली नदीकडे चालले होते. आग घळीच्या तोंडाशी आली आणि गवतातून वर चढू लागली. ते मागे वळून चढाने पळाले. त्यांचा प्रमुख वॅग डॉज याच्या लक्षात आले की ही शर्यत जिंकता येणार नाही. त्याने काडी ओढून समोरचे गवत पेटवले, ते जळून गेले त्या राखेत तो पालथा पडला आणि इतरांना तेथे यायला हाका मारल्या. कोणी आले नाही. त्यांना वाटले असावे, हा वेडा झाला. मोठी आग राखेच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली, कारण राखेत जळायला काही उरले नव्हते. डॉज वाचला. एका फटीतून माथा गाठणारे आणखी दोघे वाचले. तेरा जण गेले.

ही गोष्ट मी डॉजची युक्ती शिकवण्यासाठी सांगत नाही. मुलांच्या सहलीत कोणी गवत पेटवू नये. सांगायचे आहे ते वेगळेच. ते जवान तरुण, काटक आणि आगीशी रोजचा संबंध असलेले होते. तरीही 'जळून गेलेली जागा सुरक्षित असते' ही साधी गोष्ट त्यांना त्या क्षणी समजावून देता आली नाही. जे आधी शिकलेले नसते ते ऐन वेळी ओरडून शिकवता येत नाही. शिक्षकांना हे निराळे सांगायला नको.

मग बेत कसा आखावा?

आता त्या कोऱ्या रकान्यात काय लिहावे, याकडे येऊ. गुणाकाराऐवजी पाच प्रश्न विचारावेत. एकाचेही समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर बेत बदलावा.

पहिला, कोणत्या महिन्यात? गवताच्या माथ्यावर जायचे तर नोव्हेंबर-डिसेंबर चांगले. फेब्रुवारीनंतर सावलीच्या, ओढ्याकाठच्या वाटांपुरतेच थांबावे. दुसरा, कोणत्या तासाला? गवताचा उतार जाता-येता दोन्ही वेळा सकाळी अकराच्या आत ओलांडता येतो का? परतीची वाट बहुधा विसरली जाते, आणि ती दुपारची असते. तिसरा, वाट कोठून जाते? अरुंद घळीतून, खिंडीकडे जाणाऱ्या चढातून की रुंद गाडीवाटेने? घळ धुराड्यासारखी ओढ धरते. जेवणाला उताराच्या मध्यावर कधीही बसू नये.

चौथा, सुटकेची जागा कोठे आहे? तिची मोजणी करता येते. ज्वालांच्या उंचीच्या चौपट अंतर सर्व बाजूंनी मोकळे हवे, असा सपाट जमिनीसाठीचा नियम आहे. साडेचार मीटरच्या ज्वालांना १८ मीटर. म्हणजे सुमारे ३६ मीटर व्यासाचा उघडा कातळ, नांगरलेले शेत किंवा आधीच जळून थंड झालेला पट्टा. उतारावर आणि वाऱ्यात याहून मोठा. अशा जागा आधी जाऊन पाहाव्यात आणि कागदावर लिहाव्यात. दर अर्ध्या तासाच्या चालीत एकही सापडत नसेल तर ती वाट मुलांची नव्हे. पाचवा, कोण पाहणार आणि कोणाला कळवणार? एक शिक्षक फक्त खालच्या बाजूला आणि वाऱ्याच्या दिशेला लक्ष ठेवणारा असावा. निघण्याआधी वनरक्षकांना व पायथ्याच्या गावात विचारावे. गेल्या आठवड्यात कोठे जळले हे त्यांना माहीत असते. वनखात्याचा १९२६ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक सर्वांकडे असावेत, पण घळीत फोन लागेलच असे धरू नये. उपग्रहाच्या सूचनाही नाव नोंदवल्यास मोबाईलवर मिळू शकतात. त्या पाहाव्यात, मात्र एवढ्यावर विसंबू नये. कपडे सुती असावेत. कृत्रिम धाग्याचे कापड वितळून अंगाला चिकटते.

आणि धूर दिसलाच तर? तो कोठे आहे हे पाहण्यासाठी पुढे जाऊ नये. चढाने पळू नये. शक्य असेल तर उताराला आडवे, आगीच्या बाजूला सरकत मोकळ्या जागी यावे. मोजणी करावी, आणि परत फिरावे.

वर्गातला एक प्रयोग

सहलीआधी एक तास द्यावा. पत्र्याच्या ताटात, जवळ पाण्याची बादली ठेवून, शिक्षकांनी स्वतः एक काडी पेटवावी आणि डोके वर करून धरावी. ज्योत सावकाश खाली येते. दुसरी पेटवून डोके खाली झुकवावे. ज्योत बोटांकडे झपाट्याने चढते आणि काडी लगेच टाकावी लागते. काडी तीच, हवा तीच. बदलला तो फक्त उतार. मग फळ्यावर वरचे ७ आणि ११ मिनिटांचे गणित मुलांकडून करवून घ्यावे. ते एकदा हाताने केलेले मूल 'वर पळा' असे म्हणणार नाही.

हे सगळे वाचून कोणी डोंगर टाळावा असे मात्र मुळीच नाही. सह्याद्रीत मुलांना पडण्याचा, बुडण्याचा, मधमाश्यांचा आणि उन्हाचा धोका रोजच्या व्यवहारात अधिक असतो व त्यांची काळजी घेतलीच पाहिजे. डोंगरावर न गेलेल्या मुलाला आपले रान जळते याचे दुःखही होणार नाही. पण आपल्या हातात महिना आहे, तास आहे आणि वाट आहे. एवढे हातात असताना 'शक्यता १' लिहून थांबणे हे शास्त्र नव्हे.

त्या बाईंनी बेत बदलला. मार्चमध्ये मुले तुंगारेश्वराच्या देवळापर्यंत, ओढ्याकाठच्या झाडीतून गेली आणि बारापर्यंत महामार्गावर परत आली. कामणदुर्ग डिसेंबरसाठी ठेवला आहे. नव्या कागदावर गुणाकाराचा रकाना नाही. त्या जागी तीन कातळांच्या खुणा आहेत, आणि त्या पाहून येण्याचे काम नववीच्या चार मुलांनी, एका शिक्षकासोबत, अंगावर घेतले आहे.